वाघजाईच्या खिंडीतला तिसरा गिअर

आमच्या पिकपचा तिसरा गिअर वाघजाईच्या खिंडीत आपोआप सुटायचा. पौडच्या बाजारात नाही, पिरंगुटच्या रस्त्यावर नाही, पुण्याच्या गर्दीतही नाही. फक्त खिंडीत, देवीच्या समोर, आणि तोही जाताना. येताना कधीच नाही. साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या गावात तेव्हा याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. ते मला एकट्याला वाटत होतं, कारण मी नुकताच बी.एस्सी. होऊन गावी परतलो होतो.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. मी पुण्याला शेवटच्या वर्षाला असताना त्याने ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली. लष्कराने लिलावात काढलेली आणि मग तीन मालकांच्या हातांखालून गेलेली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि दारांवर जुन्या हिरव्या रंगाचे पोपडे. सकाळी धरणकाठच्या गावांतून दुधाच्या किटल्या, तांदूळ, हिरडा आणि माणसं भरून दादा पौडला जायचा आणि दुपार कलल्यावर माणसं भरून परत यायचा.

दादाने चौथीत शाळा सोडली. वडील गेल्यावर तो एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. त्या कष्टांवर मी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याची चूक काढणार आहे, आणि ती काढण्याइतकी अक्कल मला त्याच्याच जिवावर मिळाली होती.

गावाकडून पौडला जायचं तर आधी एक चढ, मग खिंड, आणि खिंडीतून खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत सरळ उतार. मोरीपाशी रस्ता एकदम वळतो आणि जेमतेम एका गाडीपुरता उरतो. खिंडीत अंजनाच्या झाडाखाली वाघजाईचा तांदळा आहे, म्हणजे शेंदूर लावलेला नुसता ओबडधोबड दगड. ही देवी मूळची तिथली नाही. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा खालच्या गावच्या लोकांनी तिला वर आणलं. आईचं माहेर तेच. ती तेव्हा परकर नेसणारी पोर होती. आई सांगायची, त्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून घेतल्या होत्या आणि गाव सोडल्यापासून खिंडीपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. तान्ही पोरंसुद्धा रडली नाहीत, असं ती म्हणायची. ते खरं असेल असं मला वाटत नाही, पण तिने ते कधी बदलूनही सांगितलं नाही.

तेव्हापासून खिंडीत आवाज करायचा नाही अशी चाल पडली. गाडीवान खाली उतरून घुंगरं मुठीत धरत. वरातीचं वाजप थांबे. बायका हातातल्या बांगड्या वर सारत. आणि दादाच्या गाडीचं इंजिन तिथे आपण होऊन गप्प व्हायचं.

मला पौडच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी रोज सकाळी दादाच्या शेजारी केबिनमध्ये बसून जाऊ लागलो. पहिला दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. थंडीचे दिवस होते. पाण्यावरून उठलेलं धुकं डोंगराला गळ्याएवढं लागलं होतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावत चढली, माथ्यावर आली, दादाने तिसरा टाकला. हौद्यातली माणसं बोलता बोलता थांबली. अंजनाचं झाड धुक्यातून पुढे आलं, आणि माझ्या गुडघ्याजवळची गिअरची दांडी हलली. खट्‌ असा बारीक आवाज झाला. कुणी मनगट पुढे करून, घाई न करता, काढून ठेवावी तशी ती मधल्या जागेवर येऊन उभी राहिली.

इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. गाडी आपल्या वजनाने चालत होती. चाकांखाली खडी चुरचुरत होती, तेवढीच. दादाचा हात कपाळाला होता आणि ओठ हलत होते. मागे पंधरा माणसं बसली होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. खाली धुक्याला एक भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी दिसत होतं, काळं आणि सपाट. त्याच्या तळाशी आईचं माहेर होतं. माझ्या मानेवर काटा आला, तो मोरी ओलांडेपर्यंत गेला नाही.

मोरीपलीकडे दादाने गिअर टाकला आणि माझ्याकडे बघून हसला.

"बघितलंस का, मास्तर?"

"रोज असंच होतं?"

"रोज. गाडी आणली त्या दिसापासनं."

"आणि येताना?"

"येताना न्हाई. जाताना ती थांबीवती, कुटं चाललास म्हणून इचारती. येताना घरचाच मानूस, त्याला काय इचारायचं?"

हौद्यातून एका म्हाताऱ्याने मान आत घातली. "पुस्तकात न्हाई व्हय हे, मास्तर?"

पुस्तकात नव्हतं. गिअर सुटतो म्हणजे आत काहीतरी झिजलंय, एवढं मला कळत होतं. पण झिजलेली वस्तू जागा बघून कशी सुटेल, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसणं परवडणारं नव्हतं. गाडीचे ब्रेक जुने होते. गिअरशिवाय उतारावर ती नुसत्या ब्रेकवर उतरायची आणि मोरीपाशी पोचेपर्यंत जळक्या पट्ट्यांचा वास यायचा. दादाला तो वास येत नसे, किंवा आला तरी त्याला तो उदबत्तीसारखा वाटत असावा. मी रोज पाय केबिनच्या तळाला रेटून बसायचो.

मग मी शिकलेल्या माणसासारखं एक काम केलं. गाडीच्या पुस्तकात आधीच्या तिन्ही मालकांचे पत्ते होते. मी तिघांना जोडकार्डं लिहिली, म्हणजे उत्तराचं कार्ड त्यालाच लागून जाईल. "आपणाकडे असताना या गाडीचा तिसरा गिअर सुटत असे काय? असल्यास कोठे व केव्हा?" एवढंच.

पहिलं उत्तर मंचरकडच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याचं आलं. जुन्या वळणाचं, सुरेख अक्षर. "कृ.सा.न.वि.वि. गाडी इमानी आहे. गिअर फक्त आमचे गावचे ओढ्याजवळ, स्मशानाच्या वळणाआधी सुटत असे. तेथे आमचे थोरले चिरंजीवास अग्नी दिलेला आहे. मी तेथे नमस्कार करून पुढे जात असे. त्यास बापास थांबवावेसे वाटत असेल असे समजून मी गाडी कधी दुरुस्त केली नाही. पुढे सोसवेना म्हणून विकली."

ते कार्ड मी चुलीपुढे वाचून दाखवलं. आईने डोळ्याला पदर लावला. दादाने कार्ड माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे जागा वळखती ती."

दुसरं कार्ड वाईकडच्या एका सोडावॉटरवाल्यांचं. "आमच्या गावाबाहेर दर्गा आहे. सलाम करतेवेळी दर्ग्यासमोर गिअर निघत असे, इतर ठिकाणी नाही. बाबांना ही गाडी पसंत नाही असे घरच्या मंडळींचे म्हणणे पडल्यावरून विकून टाकली. आपणास काही त्रास झाला असल्यास माफी असावी."

या दोन कार्डांनी गावात काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी शंका फेडायला पत्रं पाठवली होती आणि गावाच्या समजुतीलाच दाखला मिळाला. दादाने ती कार्डं दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. वाचता येत नव्हतं ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत आणि कपाळाला लावत. बायका गाडीच्या टपावर कुंकवाची बोटं ओढू लागल्या. कुणीतरी गिअरच्या दांडीला हिरव्या खणाची पट्टी बांधली. दूरच्या वाडीची माणसं एस.टी. सोडून आमच्या गाडीसाठी खोळंबून राहू लागली.

सगळ्यांत वाईट म्हणजे दादाचं चालवणं बदललं. आधी तो देवी मागे पडली की कधीकधी निदान दुसरा गिअर लावायची खटपट करायचा. आता तेही सोडलं.

"तिनं काढलाय," तो म्हणायचा, "मोरीपातुर आपन लावायचा न्हाई."

"आणि ब्रेक नाही लागला तर?"

"इतके दिस लागला न्हवं?"

एका सकाळी तो लागला नाही. म्हणजे लागला, पण उशिरा. मोरीवर एक बैलगाडी आडवी होती. दादा ब्रेकवर उभा राहिला, गाडी घसरत गेली, मोरीचा कठडा डाव्या बाजूने घासला आणि त्यातला एक दगड खाली ओढ्यात पडला. तो पडल्याचा आवाज मी ऐकला आणि मग बराच वेळ मला दुसरं काही ऐकू आलं नाही. मागे किटल्या सांडल्या होत्या, बायका एकमेकींना धरून होत्या. दादाने दांडीच्या हिरव्या पट्टीला हात लावून बोटं ओठांना लावली.

"वाचवलं आईनं."

त्याच आठवड्यात त्याने शेजारच्या घरचं वऱ्हाड घ्यायचं कबूल केलं. मुलगी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. लग्न मुलाच्या घरी, भरे गावात. नवरी, तिच्या मावश्या, आत्या, लेकरं, अशी वीस-बावीस माणसं, शिवाय आमची आई आणि पोटुशी वहिनी. ही सगळी त्या उतारावरून, गिअरशिवाय, त्या मोरीकडे जाणार होती. मधे पाच दिवस होते.

तिसरं कार्ड त्याच दिवशी आलं. ते मालक वारले होते आणि त्यांच्या मुलाने लिहिलं होतं. "गाडीबद्दल वडिलांची काहीच तक्रार नव्हती. गिअर सुटल्याचे ऐकिवात नाही. जागेबद्दल विचारलेत म्हणून लिहितो, वडील देव मानीत नसत. कोणत्याही देवळापुढे त्यांनी कधी नमस्कार केला नाही, याचे आम्हां मुलांना वाईट वाटे."

दादाला हे अगदी पटलं. "जो मानत न्हाई, त्याला ती कशाला दावंल?"

मी मात्र शाळेत मधल्या सुट्टीत ती तीन कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. स्मशानात गेलेला मुलगा, पीर आणि वाघजाई. या तिघांना एका गाडीच्या गिअरशी काय करायचं होतं? तासाला मी मुलांना सांगायचो की निरनिराळ्या प्रयोगांत एकच परिणाम दिसला, तर त्यांत समान काय आहे ते शोधा. समान देव नव्हता. माणसाने तिथे केलेली हालचाल समान होती.

दुसऱ्या दिवशी खिंड आली तेव्हा मी देवीकडे पाहिलं नाही. यासाठी मी तिची मनात क्षमा मागितली होती. मी दारात पाठ टेकून आडवा बसलो आणि दादाचे हात बघत राहिलो.

दादाचा डावा हात दांडीवर होता. तो नेहमीच तिथे असायचा, माणूस मांडीवर हात ठेवून बसतो तसा. खिंडीचं झाड आलं. देवाला डाव्या हाताने नमस्कार करत नाहीत. म्हणून दादाने उजवा हात स्टेअरिंगवरून उचलून कपाळाला नेला, आणि स्टेअरिंग मोकळं पडू नये म्हणून डावा हात दांडीवरून उठून स्टेअरिंगवर गेला. ॲक्सिलरेटरवरचा पायही अदबीने वर आला. खट्‌. दांडी मधे येऊन उभी राहिली.

सलामसुद्धा उजव्याच हाताने करतात. आणि येताना गाडी खिंडीचा चढ दुसऱ्यातच चढायची, तेव्हा तिसरा सुटायचा प्रश्नच नव्हता.

गोष्ट एवढीच होती, आणि ती दिसल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला जास्त भीती वाटली. मी दादाच्या त्या डाव्या हाताकडे बघत होतो. मोरीपलीकडच्या सरळ रस्त्यावर त्याने पुन्हा तिसरा टाकला आणि हात दांडीवर ठेवला. नीट पाहिल्यावर कळलं की तो हात नुसता टेकलेला नव्हता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. मनगटाची शीर उभी होती. तो हात दांडी दाबून धरत होता, एका दमात, कोसभर, आणि ज्याचा हात तो माणूस माझ्याशी हिरड्याच्या भावाबद्दल बोलत होता.

"दादा," मी म्हणालो, "डावा हात उचल."

"का?"

"उचल तर."

"काय खूळ लागलं मास्तरला," म्हणत त्याने हात उचलला. मी म्हटलं पायही काढ. त्याने काढला. खट्‌.

तिथे काही नव्हतं. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, एक बांध आणि बांधावर एक बगळा. दादाने गाडी बाजूला घेतली. दांडीकडे बघितलं. पुन्हा गाडी चालू करून तिसरा टाकला, हात उचलला. खट्‌. पुन्हा. पाच-सहा वेळा त्याने ते केलं आणि दर वेळी त्याचा चेहरा उतरत गेला. हौद्यातून कुणीतरी ओरडलं, "काय हो, हितं पन देव बसला का?" आणि सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने डाव्या हाताचा तळवा समोर धरला. दांडीच्या गोळ्याएवढा गोल घट्टा पडला होता, मधे खोलगट, कडेने पिवळा.

"हे मला म्हाईतच न्हाई," तो म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता. "दोन वरसं मी हे धरून बसलोय आनि मला म्हाईतच न्हाई."

पुढे पुण्याला गिअरबॉक्स उघडला तेव्हा मिस्त्रीने आतली पोलादी गोळी काढून दाखवली. ती खाचेत बसून गिअर धरून ठेवते आणि तिला मागून एक स्प्रिंग रेटते. त्या स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते, आणि तुटलेली टोकं घासून गुळगुळीत झाली होती, म्हणजे मोड फार जुनी होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही सुटायची का ते मला विचारू नका. ही तिसऱ्यात राहायची कशी ते तुम्हीच सांगा." मी दादाकडे बघितलं. त्याने हात खिशात घातला होता.

पण ती दुरुस्ती पुढची. लग्नाआधी ते जमण्यासारखं नव्हतं. सुटे भाग मुंबईहून यायचे होते.

दादाने संध्याकाळी नवरीच्या बापाला सांगितलं की गाडी न्यायची नाही. तो गृहस्थ ओट्यावर सुपारी कातरत होता. कातरायचा थांबला.

"आता सांगतोस? देवीची गाडी येनार म्हणून मी पावन्यांना सांगून बसलोय. त्यांच्या बाया दांडीला वटी भरनार हायेत."

"दांडीला काय भरताय. स्प्रिंग तुटलीया."

"तुला कुनी सांगितलं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला कळलं."

"मास्तरनं कानात वारं भरलं दिसतंय. शिकवलंस, आता फळं खा." माझ्याकडे वळून तो म्हणाला, "तुमच्या कालेजात वाघजाई न्हवती ना, मास्तर?"

मला फार लागलं. मी म्हणालो, "मी गाडीत बसतो. दादा हात काढील तेव्हा दांडी मी धरीन."

"आनि तुला शिंक आली म्हंजे?" दादा म्हणाला. "बावीस मानसं तुझ्या मुठीत देऊ?"

"मग नमस्कार करू नकोस. दोन्ही हात जागेवर ठेव."

लग्नाच्या कामाला तिथे आलेल्या आमच्या आईने आतून विचारलं, "तिला न विचारता जायाचं?" तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला त्या परकर नेसणाऱ्या पोरीचाच वाटला. दादाने डोकं धरलं. हात काढल्याशिवाय तिथून जायचं नाही, आणि हात काढला तर जाता येत नाही.

रात्रभर तो काय विचार करत होता मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी रिकामी नेली आणि तो उतार दुसऱ्या गिअरमध्ये तीन वेळा उतरून बघितला. हात दांडीवर असेपर्यंत दुसरा सुटत नव्हता; हात काढल्यावर काय होईल याचा भरवसा नव्हता. मग त्याने जाऊन सांगितलं की गाडी येईल, पण खिंडीत सगळी माणसं उतरतील आणि मोरीपर्यंत पायी जातील. मोरीपुढे रस्ता सपाट आहे. तिथे गिअर सुटला तरी काही बिघडत नाही.

"नवरी चालनार?" नवरीच्या बापाने विचारलं.

"तुमची आजी देवीमागनं चालतच आलीती."

लग्नाच्या सकाळी धुकं दाट होतं. माथ्यावर दादाने गाडी उभी केली आणि माणसं उतरली. नवरीला दोघींनी हाताला धरून उतरवलं. बांगड्या वर सरल्या, ताशेवाल्याने ताशा काखेत दाबला. ते सगळे झाडाखालून वाकून पुढे गेले. धुक्याने आधी पायांपासून आणि मग कमरेपर्यंत त्यांना खाल्लं आणि शेवटी नवरीचं पिवळं लुगडं तेवढं काही वेळ दिसत राहिलं. आई सगळ्यांत मागे होती. मला एकाएकी असं वाटलं की हे लोक भऱ्याच्या लग्नाला जात नाहीत, पाण्याखालून निघालेलेच अजून चालताहेत.

मग आम्ही निघालो. मी शेजारी बसलो होतो. दादाने दुसरा टाकला आणि डावा हात दांडीवर, उजवा स्टेअरिंगवर घट्ट ठेवला. दुसऱ्या गिअरमध्ये त्या गाडीचा आवाज फार वाईट होता. त्या जागेने इतका आवाज कधी ऐकला नसेल. झाड जवळ आलं. दादाच्या कानशिलावरून घाम ओघळला. उजवा हात एकदा उचलला गेला, अगदी दोन बोटं, आणि त्याने तो पुन्हा दाबून बसवला. तांदळा माझ्या खिडकीजवळून गेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दांडी थरथरत होती, पण जागेवर राहिली. मोरी आली, वळण आलं, आणि पलीकडे वऱ्हाड आमच्याकडे बघत उभं होतं, जणू गाडीत आम्ही आहोत की नाही याची खात्री करत होतं.

दादाने इंजिन बंद केलं, चाकाला धोंडा लावला आणि कुणाशी न बोलता उलटा चढायला लागला.

"आरं कुटं?" नवरीचा बाप म्हणाला. "म्हूर्त टळंल!" तो मोठ्याने हाक मारणार होता, पण त्याने वर खिंडीकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. तिकडे तोंड करून कुणी हाक मारत नाही.

दादा धुक्यात गेला. आधी त्याच्या वहाणा खडीवर वाजत होत्या, मग तेही थांबलं. आम्ही बावीस माणसं मोरीवर उभी होतो. एक लेकरू रडायला लागलं, त्याला आईने पदराखाली घेतलं. वहिनी कठड्याच्या पडलेल्या दगडाच्या जागी हात ठेवून वर बघत होती. मी विज्ञानाचा मास्तर. मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो, एवढा वेळ लागायला नको, असं म्हणत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. वहाणा पुन्हा वाजल्या, आणि तो आला. डोळे लाल होते. कपाळावर शेंदूर होता.

"काय केलंस एवढा वेळ?" आईने विचारलं.

"दोनी हात जोडले," तो म्हणाला. "गाडी आनल्यापासनं पयल्यांदा."

माणसं चढली. सपाटीला लागल्यावर दादाने तिसरा टाकला आणि डावा हात दांडीवर ठेवला. खणाची हिरवी पट्टी त्याच्या बोटांखाली चुरगळली. हात तिथे आहे हे आता त्याला ठाऊक होतं. हिरड्याचं, पावसाचं तो काहीच बोलला नाही. भऱ्याची वेस येईपर्यंत तो त्या हाताकडेच अधूनमधून बघत राहिला.